हातांनीं ढकललेल्या मोटारी

मोटारीचा कारखाना म्हटला कीं आपल्या डोळ्यांपुढें एक ठराविक चित्र उभें राहतें. लांबच लांब पट्टा एकसारखा सरकत आहे, त्यावर अर्धवट जुळविलेल्या गाड्यांची रांग चालली आहे, दोहों बाजूंस माणसें उभीं आहेत, आणि प्रत्येक जण समोर येणाऱ्या गाडीस आपल्या वांट्याचा एक बोल्ट आवळून पुढच्या गाडीकडे वळत आहे. हें चित्र खोटें नाहीं. अमेरिकेंत हेन्री फोर्ड यांच्या हायलंड पार्क येथील कारखान्यांत १९१३ सालीं असा सरकता मार्ग सुरू झाला, आणि गाडीचा खालचा सांगाडा जुळविण्यास जेथें पूर्वीं साडेबारा तास लागत तेथें पुढें दीड तासांत तें काम उरकूं लागलें. जगांतील बहुतेक मोठ्या कारखानदारांनीं मग तोच कित्ता गिरविला. आज मी ज्या कारखान्याविषयीं बोलणार आहें त्यानें मात्र तो कधींच गिरविला नाहीं. तेथें गाडी एका जागेवरून दुसऱ्या जागीं जात असे ती माणसाच्या हातांच्या जोरावर. आपलें काम झालें कीं माणसांनीं गाडीस हात लावावयाचा, आणि ती चार पावलें पुढें ढकलावयाची. एवढ्या साध्या रीतीनें त्या कारखान्यांतून पन्नास वर्षांत सुमारें साडेअकरा लाख गाड्या बाहेर पडल्या.

हा कारखाना म्हणजे इंग्लंडांतील ॲबिंग्डन गांवचा एम. जी. मोटारींचा कारखाना. ऑक्सफर्डच्या दक्षिणेस थोड्याच मैलांवर थेम्स नदीच्या कांठीं हें जुनें बाजाराचें गांव आहे. येथें होणाऱ्या गाड्या स्पोर्ट्स मोटारी होत्या. दोन माणसांपुरती, ठेंगणी, टप मागें पाडतां येणारी, वजनानें हलकी आणि वळणावर चपळ, अशी ही गाडी असते. तिच्यांत सामान मावत नाहीं, पावसाचें पाणी आंत येतें, आणि वयस्क माणसास आंत बसणें हा व्यायामच होतो. तरीही ज्यांस तिची गोडी लागली त्यांस दुसरी गाडी रुचत नाहीं, असें म्हणतात.

एम. जी. हीं ‘मॉरिस गॅरेजेस’ या नांवाचीं आद्याक्षरें आहेत. ऑक्सफर्डमध्यें सायकली दुरुस्त करतां करतां मोटारींचे मोठे कारखानदार झालेले विल्यम मॉरिस, म्हणजेच पुढचे लॉर्ड नफील्ड, यांची ही मोटारी विकण्याची व दुरुस्तीची पेढी. १९२२ सालीं सेसिल किंबर हे तिचे व्यवस्थापक झाले. नुसत्या विक्रीवर समाधान मानणारा हा मनुष्य नव्हता. मॉरिसच्या साध्या गाडीचा सांगाडा घ्यावा, त्यावर देखणी बॉडी चढवावी, इंजिन थोडें अधिक जोरदार करावें आणि ती गाडी हौशी माणसास परवडेल अशा किमतीस द्यावी, ही त्यांची कल्पना. १९२८ मध्यें त्यांनीं ‘मिजेट’ नांवाची अगदीं लहान स्पोर्ट्स मोटार बाजारांत आणली. ॲश झाडाच्या लांकडाची चौकट, तिच्यावर प्लायवुड, आणि प्लायवुडवर ताणून बसविलेलें कापड, अशी तिची बॉडी होती. या एका नमुन्याच्या ३,२३५ गाड्या झाल्या. ऑक्सफर्डमधील जागा पुरेना, तेव्हां १९२९ सालीं ॲबिंग्डन येथील एका कातडें कमावण्याच्या कारखान्याचा रिकामा पडलेला भाग घेऊन तेथें बिऱ्हाड हलविण्यांत आलें. जागा मोटारींसाठीं बांधलेली नव्हती. मिळेल त्या शेडींत काम बसवून घ्यावें लागलें. पुढील इतिहासांत या गोष्टीस फार महत्त्व आहे.

आतां एक गोष्ट आधींच स्पष्ट केली पाहिजे. ॲबिंग्डनला मोटारीचे भाग घडत नव्हते. तेथें मोटार जुळविली जात होती. इंजिनें दुसरीकडून येत. बॉडी कॉव्हेंट्री शहराहून येई. दिवे, तारा व विजेचें इतर सामान लूकसचें, कार्बुरेटर एस. यू. कंपनीचे. पुस्तक बांधणाऱ्याशीं या कामाची तुलना करतां येईल. बांधणारा पुस्तक लिहीत नाहीं, छापीतही नाहीं, कागद तर मुळींच करीत नाहीं; परंतु पान सुटलें तर बोल त्यालाच लागतो. रस्त्यावर गाडी खडखडली, दार नीट लागलें नाहीं, टपांतून पाणी गळलें, कीं तक्रार ॲबिंग्डनच्या नांवानें येणार.

दुसऱ्या महायुद्धानंतर १९४५ सालच्या अखेरीस तेथें टी. सी. नांवाची गाडी सुरू झाली. १९४९ पर्यंत या नमुन्याच्या दहा हजार गाड्या झाल्या. जुन्या पद्धतीची जुळणी समजून घ्यावयाची तर हीच गाडी घ्यावी. कामाचा आरंभ होई तो पोलादी सांगाड्यापासून. दोन लांब तुळया व त्यांस जोडणाऱ्या आडव्या नळ्या, अशी ही शिडीसारखी चौकट. तिला प्रथम पाट्यांच्या कमानी व पुढचा-मागचा आंस जोडीत. मग ब्रेकच्या तेलाच्या नळ्या, स्टिअरिंग, आणि नंतर इंजिन व गिअरची पेटी. इंजिन १,२५० घनसेंटीमीटरचें, चौपन्न अश्वशक्तीचें. आजच्या मानानें तें किरकोळ वाटेल, परंतु गाडीच फार हलकी होती. त्यानंतर चाकें. हीं चाकें एकोणीस इंची, सायकलीच्या चाकासारखीं तारांच्या आऱ्यांचीं. आपल्या नेहमींच्या गाडीच्या चाकास चार-पांच नट असतात. या चाकास मधोमध दोन कानांचा एकच मोठा नट असे, आणि तो हातोडीनें ठोकून घट्ट करीत. डाव्या बाजूच्या व उजव्या बाजूच्या नटांचे आटे परस्परांच्या उलट असत. चाकाच्या फिरण्यानें नट सैल न होतां घट्टच व्हावा, ही त्यांतील युक्ति. एका बाजूचा नट दुसऱ्या बाजूस चढविण्याचा प्रयत्न करणारा नवशिका उमेदवार किती वेळ घाम गाळीत बसत असेल, असा विचार माझ्या मनांत आल्यावांचून राहत नाहीं.

चाकें लागलीं कीं सांगाडा स्वतःच्या पायांवर उभा राहिला. मग त्यावर बॉडी उतरवून बोल्टांनीं पक्की करावयाची. टी. सी.ची बॉडी वरून पत्र्याची दिसे, परंतु आंत तिची चौकट ॲशच्या लांकडाचीच होती. आपल्याकडे बैलगाडीच्या कामास जसें बाभळीचें लांकूड, तसें इंग्लंडांत गाड्यांच्या व अवजारांच्या कामास ॲशचें. तें चिवट असतें, धक्का सोसतें, आणि चटकन् चिरत नाहीं. लांकूड व पत्रा यांचा मिलाफ मात्र कधींच अगदीं मापांत बसत नाहीं. दोन बॉड्या कागदावर सारख्या असल्या तरी हातांत आल्यावर त्यांत केसाचा फरक असावयाचाच. म्हणून दार लावून पाहणें, उघडणें, बिजागरीखालीं पातळ चकती घालणें, पुन्हा लावून पाहणें, असें काम चाले. दार एकदा नीट लागलें कीं हातास तें लागलीच कळतें. तें मोजपट्टीनें सांगतां येत नाहीं.

येथेंच गाडी हातांनीं ढकलण्याचें मर्म आहे. मी उभा जन्म मास्तरकी केली, म्हणून शाळेचा दाखला देतों. तास संपल्याची घंटा झाली कीं गणित सुटलेलें असो वा नसो, फळा पुसून निघावें लागतें. सरकता पट्टा ही तशीच घंटा. दार लागलें नाहीं तरी गाडी पुढें जाणारच, आणि मग शेवटीं कोणीतरी दुसरा मनुष्य तें दार दुरुस्त करीत बसणार. ॲबिंग्डनला गाडी पुढें जाई ती माणसांनीं ढकलल्यावर, आणि ढकलण्यापूर्वीं काम संपलें आहे कीं नाहीं हें त्यांनाच ठाऊक असे. याचा अर्थ ते आरामांत काम करीत असा मुळींच नव्हे. मजुरी कामाच्या नगावर मिळे, मागची गाडी येऊन टेकलेली असे, आणि रेंगाळणाऱ्यास शेजारचेच चार शब्द ऐकवीत. परंतु गति ठरविणारें यंत्र तेथें नव्हतें, एवढें खरें. गंमत अशी कीं, याच घराण्याचा काउली येथील मोठा मॉरिस कारखाना अवघ्या कांहीं मैलांवर होता, आणि तेथें १९३४ मध्येंच सरकता मार्ग बसला होता. म्हणजे ॲबिंग्डनच्या माणसांस पट्टा माहीत नव्हता असें नाहीं.

मग तो तेथें कां बसला नाहीं? कोणी म्हणेल, हस्तकौशल्याचा अभिमान. मला तें तितकेंसें पटत नाहीं. हस्तकौशल्याचाच दाखला हवा असेल तर माल्व्हर्न लिंक येथील मॉर्गन कंपनीकडे पाहावें. तेथील शेडी उतारावर आहेत आणि गाड्या एका शेडींतून दुसरींत माणसें ढकलीत नेत आलीं आहेत. ॲशच्या लांकडाची चौकट तर तेथें आजही करतात. परंतु मॉर्गनच्या गाड्या वर्षाकाठीं कांहीं शेंकडेच होतात. तेवढ्या कामास पट्टा बसविण्याचा प्रश्नच येत नाहीं. ॲबिंग्डनच्या गाड्या भरभराटीच्या काळांत वर्षास पन्नास हजारांहून अधिक निघाल्या, आणि कामकरी होते अकराशें-बाराशें. यास हौस म्हणतां येणार नाहीं. हा रोकडा व्यवहार होता.

त्या व्यवहाराचें पहिलें कारण म्हणजे नमुन्यांची सरमिसळ. सरकता पट्टा एकाच जातीच्या हजारों गाड्यांस सोईचा. ॲबिंग्डनला एम. जी. तर होत्याच, शिवाय १९४९ पासून कांहीं वर्षें रायली गाड्या तेथें जुळविल्या गेल्या, १९५७ च्या अखेरीस मोठी ऑस्टिन-हीली तेथें आली, १९५८ मध्यें लहान स्प्राइट आली, आणि १९६० ते १९६४ पर्यंत मॉरिस मायनरच्या लांकडी पाठीच्या गाड्या व सामानाच्या गाड्यासुद्धां तेथें झाल्या. आज या रांगेंत एक गाडी, उद्यां दुसरी. मनुष्य दोन दिवसांत नवें काम शिकतो. पट्टा उखडून पुन्हा बसवावयास महिने लागतात. दुसरें कारण पैशाचें. जुन्या शेडींत यंत्रांचा पसारा मांडला नाहीं, म्हणून भांडवलही गुंतलें नाहीं. ज्यांच्या हातीं तिजोरीच्या किल्ल्या होत्या त्यांनीं या कारखान्यास कधीं फारसें कांहीं दिलें नाहीं. परंतु तो मागतही फारसें नव्हता. असला घटक एकत्र कुटुंबांत कसा वागविला जातो हें आपल्याला सांगावयास नको.

१९५५ सालीं एम. जी. ए. नांवाची गाडी आली. तिलाही खालीं वेगळा सांगाडा होता. रंगवून सजविलेली बॉडी कॉव्हेंट्रीहून येई व त्यावर चढे. १९६२ पर्यंत तिच्या एक लाख एक हजारांवर गाड्या झाल्या आणि त्यांतील बहुसंख्य समुद्रापलीकडे गेल्या. त्या वर्षीं तिच्या जागीं आली एम. जी. बी. मुख्य इंजिनिअर सिड एनेव्हर यांच्या हाताखालीं तयार झालेली ही गाडी तिच्या वर्गांत सर्वांत अधिक खपलेल्या गाड्यांपैकीं एक ठरली. अठरा वर्षांत पांच लाखांहून अधिक!

हिच्या जुळणींत एक मोठा पालट झाला. हिला खालीं निराळा सांगाडाच नव्हता. पत्र्याचे भाग एकमेकांस वितळजोड देऊन केलेली बॉडी हाच तिचा सांगाडा. त्यामुळें कामाचा क्रम उलटा झाला. पूर्वीं खालून वर बांधीत जात. आतां रंगविलेली रिकामी बॉडी आधीं येई, आणि बाकी सर्व तिला लटकवावयाचें. बॉडी उंच मार्गावर चढवीत. वर असतां तिच्यांत विजेच्या तारांचें जाळें, नळ्या, पडद्यावरील घड्याळें इत्यादि सामान बसे, व माणसें तिच्या पोटाखालीं उभीं राहून आंस व कमानी जोडीत. पाठीवर निजून वर हात करून पाना चालविणें किती कष्टाचें असतें तें कोणत्याही गॅरेजमधील पोऱ्या सांगेल. उभ्यानें तेंच काम निम्म्या कष्टानें होतें. मग खालच्या मार्गावर येऊन चाकांवर उभी राहिली कीं पुढची वाटचाल पुन्हा पूर्वींसारखीच. मधल्या सतरा वर्षांत गाडी पार बदलली. ढकलण्याची रीत मात्र तीच राहिली.

शेवटीं तपासणी. जुन्या काळीं प्रत्येक गाडी तपासनीस गांवाबाहेरच्या रस्त्यांवर फिरवून आणीत. गाडी एका बाजूस ओढते काय, ब्रेक सारखे लागतात काय, गिअर कुरकुरतो काय, हें पाहावयाचें. आणि कान उघडे ठेवावयाचे. दोष आढळला तर गाडी दुरुस्तीच्या जागीं, नाहीं तर विक्रीस. येथें आणखी एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. याच आवारांत मूळ कंपनीचा शर्यतींचा विभाग होता. माँते कार्लोच्या प्रसिद्ध मोटार-शर्यतींत १९६४, १९६५ व १९६७ सालीं पहिल्या आलेल्या मिनी कूपर गाड्या तेथेंच सज्ज झाल्या. एका भिंतीपलीकडे अशीं कामें चालत असतां अलीकडील माणसास आपणही केवळ पोटासाठीं बोल्ट आवळीत आहोंत असें वाटत नसावें.

किंबर यांस हें कांहीं पाहावयास मिळालें नाहीं. युद्धकाळांत मोटारींचें काम बंद पडल्यावर कारखान्यास काम मिळावें म्हणून त्यांनीं बॉम्बफेक्या विमानाच्या नाकाकडील भागाचें कंत्राट वरिष्ठांस न विचारतां घेतलें. १९४१ सालीं त्यांस जागा सोडावी लागली. ४ फेब्रुवारी १९४५ रोजीं लंडनच्या किंग्ज क्रॉस स्टेशनाजवळ बोगद्यांत चढावर अडलेली आगगाडी मागें घसरली, त्या अपघातांत ते वारले. युद्ध संपावयास तेव्हां तीन महिने राहिले होते.

आतां शेवटचें प्रकरण. एम. जी.चा मुख्य गिऱ्हाईक अमेरिका. तेथील नियमांप्रमाणें १९७४ पासून गाडीस पुढें-मागें रबराचे जाड, काळे बंपर लावावे लागले, गाडी दीड इंच उंच करावी लागली, आणि वळणावरची तिची मूळची ऐट गेली. नवा नमुना काढण्यास पैसा मिळेना; तोपर्यंत ब्रिटिश लेलंड नांवाच्या मोठ्या संघांत हा कारखाना सामील झाला होता, आणि संघाचा पैसा ट्रायम्फच्या टी. आर. ७ या गाडीकडे गेला. त्यांत पौंडाचा भाव चढला. अमेरिकेंत विकलेल्या दर गाडीमागें आपणांस नऊशें पौंड तोटा होतो, असें कंपनीनें सांगितलें. एम. जी.च्या चाहत्यांनीं तो हिशेब मान्य केला नाहीं. वरच्या कचेऱ्यांचा किती खर्च कोणत्या कारखान्याच्या माथीं मारावयाचा यावर असा आंकडा अवलंबून असतो. परंतु अठरा वर्षांची जुनी गाडी आणखी किती दिवस चालली असती, हाही प्रश्न आहेच. मला वाटतें, तोटा त्या वर्षीं झाला असेल. दुर्लक्ष मात्र त्याआधीं दहा वर्षें झालें होतें.

१९७९ च्या सप्टेंबरांत कारखान्याच्या ॲबिंग्डनमधील पन्नास वर्षांचा सोहळा झाला. गांव सजलें, जुन्या गाड्यांची मिरवणूक निघाली. सोहळ्याचा आठवडा संपला आणि लागलीच सोमवारीं, १० तारखेस, कारखाना बंद करण्याचा निर्णय जाहीर झाला. हातांतील पताका अजून खालीं ठेवल्या नव्हत्या! गाड्यांच्या मालकांनीं लंडनला मिरवणुकीनें जाऊन अर्ज दिला. ॲस्टन मार्टिन कंपनीच्या पुढाकारानें कांहीं धनिकांनीं कारखाना विकत घेण्याची खटपट केली, ती फसली. ऑक्टोबर १९८० मध्यें शेवटची एम. जी. बी. बाहेर पडली, आणि दारें लागलीं. दुसऱ्या वर्षीं आंतील सामानाचा लिलांव झाला. ज्या टी. आर. ७ साठीं पैसा वळविला होता तीही १९८१ सालींच बंद पडली.

एम. जी. हें नांव पुढें अनेक हातांतून गेलें. २००५ सालीं तें चीनमध्यें पोंचलें, आणि २०१९ पासून त्या नांवाच्या गाड्या गुजराथेंत बडोद्याजवळच्या हालोल येथें तयार होऊं लागल्या. आपल्या रस्त्यांवर आठकोनी चिन्हाची जी उंच गाडी दिसते ती तीच. ॲबिंग्डनच्या गाडीशीं तिचें साम्य त्या आठकोनी चिन्हापुरतेंच.

गांवांत मात्र एक निराळीच आठवण मागें राहिली. विषय मद्याचा आहे, श्रोत्यांनीं क्षमा करावी. कारखान्याच्या आरंभींच्या दिवसांत एक जुनी कापडी बॉडीची एम. जी. किरकोळ कामांसाठीं वापरीत असत. ती नेहमीं रंगशाळेच्या बाहेर उभी असे, आणि आंतून उडणाऱ्या रंगाचे शिंतोडे तिच्यावर पडत. गांवकरी तिला आपल्या बोलींत ‘ठिपक्यांची म्हातारी’ अशा अर्थाच्या नांवानें ओळखूं लागले. १९७९ च्या सोहळ्याकरितां मोरलंड या ॲबिंग्डनच्याच भट्टीनें एक खास बिअर काढली, आणि त्या नांवाचाच थोडा खेळ करून तिला ‘ओल्ड स्पेकल्ड हेन’, म्हणजे ठिपक्यांची म्हातारी कोंबडी, असें नांव दिलें. २००० सालीं दुसऱ्या कंपनीनें ती भट्टी विकत घेऊन बंद केली. बिअर आतां दुसऱ्या गांवीं तयार होते. नांव तेंच आहे.